चक बेरीला गिटार कोणी शिकवली?

चळवळीतल्या माझ्या मित्रांना माझ्या दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे मी रॉक ऐकतो. दुसरी म्हणजे मला धंदेवाईक सिनेमे आवडतात आणि मी ते लपवत नाही. शिबिराहून परतताना गाडीत ब्लॅक सॅबथ लावलं की मागच्या सीटवरून हमखास आवाज येतो, "दादा, हे गोऱ्यांचं केकाटणं बंद करा, वामनदादा लावा." वामनदादा मी लावतोच, त्यांच्यावर माझा कुणापेक्षाही कमी जीव नाही. पण 'गोऱ्यांचं' हा शब्द मला दर वेळी बोचतो.

दुसरीकडे, रॉकच्या कार्यक्रमाला गेलो की तिथली गर्दी वेगळी असते. इंग्रजी शाळांतून आलेली, महागड्या गिटारी बाळगणारी, आडनाव ऐकून माणूस जोखणारी. तिथे एकाने मला विचारलं होतं, "अरे वा, तुम्ही लोक तर ते डीजेवालं ऐकता ना?" त्याला ते कौतुक वाटत होतं, तेच जास्त लागलं. म्हणजे आपली माणसं म्हणतात हे आपलं नाही, आणि ती माणसं म्हणतात हे आमचं आहे. भांडण असूनही दोघांचं एका बाबतीत एकमत आहे की रॉक ही गोऱ्यांची, आणि गोऱ्यांसारखं व्हायला निघालेल्यांची चीज आहे. हे साफ खोटं आहे. आणि ते सगळ्यांना खरं कसं वाटू लागलं, हे जात समजून घेणाऱ्या माणसाने बघण्यासारखं आहे. मी संगीताचा अभ्यासक नाही, मला स्वरलिपी वाचता येत नाही. फॅन आहे, फॅनसारखंच लिहितो.

सुरुवात माझ्या अत्यंत आवडत्या सिनेमापासून. 'बॅक टू द फ्युचर', १९८५, दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस. पटकथा कशी बांधावी हे ज्याला शिकायचं असेल त्याने हा सिनेमा वहीपेन घेऊन बघावा. सुरुवातीला सहज दाखवलेली एकही वस्तू पुढे वाया जात नाही. मार्टी नावाचा गोरा पोरगा यंत्रात बसून १९८५ मधून १९५५ मध्ये जातो. तिथे शाळेच्या नाचाच्या कार्यक्रमात वाजवणारं पथक काळ्यांचं आहे. त्यांचा गिटारवाला मार्विन बेरी. त्याच्या हाताला लागतं, मार्टी त्याच्या जागी उभा राहतो आणि 'जॉनी बी. गुड' वाजवतो. हे गाणं चक बेरीने प्रत्यक्षात १९५८ मध्ये बाजारात आणलं, म्हणजे त्या सभागृहात ते कुणी ऐकलेलं असणं शक्य नाही. पोरं पिसाट नाचू लागतात. मार्विन धावत जाऊन फोन लावतो, आपल्या चुलतभावाला, चकला. तू शोधत होतास तो नवा आवाज हा ऐक, असं सांगून रिसीव्हर स्टेजच्या दिशेने धरतो. सगळे हसतात. मीही पहिल्यांदा पोट धरून हसलो होतो, आजही हसतो, कारण विनोद म्हणून ते फारच नेमकं जमलंय.

पण आता दुसरा प्रसंग आठवा. याच सिनेमात गोल्डी विल्सन नावाचा काळा तरुण हॉटेलात झाडलोट करतो. तू पुढे महापौर होणार आहेस, हे मार्टीच्या तोंडून निघतं, आणि तेव्हा कुठे गोल्डीच्या डोक्यात ती कल्पना येते. म्हणजे काळ्यांना संगीत दिलं मार्टीने आणि महत्त्वाकांक्षाही दिली मार्टीनेच. सिनेमातल्या त्या नाचाची तारीख आहे १२ नोव्हेंबर १९५५. त्यानंतर बरोबर १९ दिवसांनी, १ डिसेंबरला, माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली आपली जागा सोडायला नकार दिला आणि एक वर्षाहून जास्त चाललेला बहिष्कार सुरू झाला. त्यासाठी भविष्यातून कुणी गोरा पोरगा आला नव्हता.

झेमेकिसने कारस्थान रचून हे केलं असं माझं म्हणणं नाही. गंमत म्हणून लिहिलं, गंमत म्हणून चाललं. जगभर लोकांनी बघितलं आणि बहुतेकांना काही खटकलं नाही, मला त्यातच रस आहे. आपल्याला याची सवय असायला हवी खरं तर. बाबासाहेबांचा विषय निघाला की समोरचा सवर्ण माणूस पहिल्यांदा कोणती गोष्ट सांगतो? आंबेडकर गुरुजींची. गुरुजींविषयी बाबासाहेबांना आदर होता, त्याबद्दल वाद नाही. पण कोलंबिया, लंडन, महाड, संविधान हे सगळं ओलांडून शाळेच्या हजेरीपटावरच्या आडनावापाशी यायची इतकी घाई कशाची असते? मार्विनचा तो फोन आपल्याकडे रोज लागतो.

खरा चक बेरी काय करत होता ते बघू. 'जॉनी बी. गुड' मधला नायक त्याने आधी काळा मुलगा म्हणून लिहिला होता. गोऱ्यांच्या रेडिओवर गाणं वाजावं म्हणून त्याने तो शब्द बदलून नायकाला नुसता खेड्यातला पोरगा केलं. एक शब्द काढला आणि गाणं देशभर गेलं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचे आवाज कोरलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात बाखसोबत हे गाणंही आहे. सूर्यमालेबाहेर मानवजातीची ओळख म्हणून चक बेरी गेला, आणि ८ वर्षांनी खाली हॉलिवूडमध्ये ते गाणं मार्टीच्या हातात दिलं गेलं.

बेरीच्याही आधी सिस्टर रोझेटा थार्प. चर्चमध्ये देवाची गाणी गाणारी काळी बाई, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार. १९४४ मध्ये तिने ध्वनिमुद्रित केलेलं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' ऐका आणि मग सांगा रॉक अँड रोल कधी सुरू झालं. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर टीव्हीसाठी तिचा कार्यक्रम झाला, त्याचं चित्रीकरण आजही बघायला मिळतं. पाऊस पडून ओला झालेला फलाट, अंगात जाडजूड कोट, आणि पलीकडच्या फलाटावर बसलेली गोरी तरुण पोरं तोंडात बोट घालून बघताहेत. गिटार वाजवणाऱ्या कुणालाही मी आधी हे दाखवतो. १९७३ मध्ये ती वारली. पुढची कित्येक वर्षं तिच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये १९८६ पासून कलावंतांना घेतात. एल्विस प्रेस्ली आणि चक बेरी पहिल्याच वर्षी आत गेले. रोझेटाचा नंबर लागला २०१८ मध्ये. जातीसोबत बाईपण आलं की रांग किती लांबते, हे आपल्या शाहिरांच्या घरातल्या बायकांना विचारावं.

बिग मामा थॉर्नटनचंही तेच. 'हाउंड डॉग' तिने १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केलं, १९५३ मध्ये ते काळ्यांच्या यादीत पहिल्या नंबरवर होतं. १९५६ मध्ये एल्विसने गायलं आणि गाणं एल्विसचं झालं. तिच्या हातात किती पडले? तिने स्वतः सांगितलेला आकडा ५०० डॉलरचा आहे. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ते गाणं लिहिलं होतं जेरी लीबर आणि माइक स्टोलर या दोन गोऱ्या ज्यू पोरांनी, तिच्यासाठी. म्हणून हा सगळा मामला 'चोरी' या एका शब्दात बसत नाही. आपल्याकडचे काही मित्र उत्साहात 'गोऱ्यांनी रॉक चोरलं' असं एका ओळीत उरकतात. उरकायला सोपं आहे, पण त्यात यंत्रणा दिसत नाही.

यंत्रणा अशी होती. काळ्यांच्या तबकड्या 'रेस रेकॉर्ड्स' म्हणून वेगळ्या विकल्या जात, त्यांची लोकप्रियतेची यादी वेगळी. १९४९ मध्ये बिलबोर्ड मासिकाने त्या यादीचं नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं. नाव सभ्य झालं, वस्ती गावाबाहेरच राहिली. त्या वस्तीत एखादं गाणं गाजलं की गावातला गोरा गायक ते स्वच्छ धुऊन गाणार. त्याला म्हणायचं कव्हर. लिटल रिचर्ड हा जॉर्जियातल्या मेकन गावच्या बसस्थानकावर भांडी घासणारा पोरगा, त्याचं 'टुटी फ्रुटी' १९५५ चं. लगेच पॅट बून नावाच्या गोऱ्यागोमट्या, स्वेटर घालणाऱ्या गायकाने ते गायलं आणि मुख्य यादीत बून रिचर्डच्या वर गेला. दोन्ही पाठोपाठ ऐकून बघा. बूनचं ऐकताना वाटतं, पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला उभा केलेला मुलगा. सूर आहेत, शब्द आहेत, रिचर्डची ती भुकेली किंकाळी तेवढी गाळली. ताल घ्यायचा आणि माणूस बाहेर ठेवायचा, हीच ती पद्धत.

डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांनी १९०३ मधल्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' मध्ये प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर स्वरलिपीच्या ओळी छापल्या होत्या. बहुतेक सगळ्या गुलामांच्या शोकगीतांच्या, आणि शेवटचं पूर्ण प्रकरणच त्या गाण्यांवर आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी याच दु बॉईसना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. दलित पँथर हे नावही आपण तिथूनच घेतलं. त्या लोकांचं राजकारण आपलं म्हणायचं आणि त्यांच्या गिटारला गोऱ्यांचं केकाटणं म्हणायचं, हे मला झेपत नाही. 'पाश्चात्य' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं होतं. आणि मागच्या सीटवरच्या मित्राला मी एकदा रेज अगेन्स्ट द मशीन या बँडच्या १९९२ मधल्या पहिल्या अल्बमचं मुखपृष्ठ दाखवलं. भर चौकात पद्मासनात बसून जळणारे भिक्खू थिक क्वांग डुक, सायगाव, ११ जून १९६३. दक्षिण व्हिएतनामच्या सरकारने बौद्धांवर चालवलेल्या अन्यायाविरुद्ध त्यांनी आत्मदहन केलं होतं. मित्र बराच वेळ ते बघत राहिला. गाणं मात्र त्याला तरीही आवडलं नाही. तो त्याचा हक्क आहे.

आता माझ्या दुखऱ्या जागेकडे येतो. लेड झेपलिन. जॉन बॉनमइतका ड्रम वाजवणारा माणूस पुन्हा झाला नाही, यावर मी कुणाशीही रात्रभर भांडेन. त्यांच्या 'होल लॉटा लव्ह' चे शब्द मात्र विली डिक्सन या शिकागोच्या काळ्या गीतकाराच्या गाण्यावरून आलेले. १९६२ मध्ये मडी वॉटर्सने ते गायलं होतं. झेपलिनच्या १९६९ च्या तबकडीवर डिक्सनचं नाव नव्हतं. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली, मग नाव आलं. कारखान्यातल्या यंत्राखाली बोटांची टोकं गमावलेल्या टोनी आयॉमीचं, कत्तलखान्यात राबलेल्या ऑझी ऑझबर्नचं ब्लॅक सॅबथ मी अपराधी न वाटता ऐकतो. प्लास्टिकची टोकं वितळवून त्याने बोटांना बसवली, तारा सैल केल्या आणि त्यातून जड, काळाकुट्ट आवाज निघाला. बर्मिंगहॅमच्या कामगारांचं ते स्वतःचं दुखणं आहे. झेपलिन ऐकताना मात्र डिक्सनची आठवण येते. ऐकणं मी थांबवलेलं नाही. आठवण यावी असंच मला वाटतं.

२०२५ मध्ये रायन कूगलरचा 'सिनर्स' आला आणि मला वाटलं, बरोबर ४० वर्षांनी मार्विनचा फोन कुणीतरी खाली ठेवला. १९३२ चं मिसिसिपी. दोन भाऊ काळ्यांसाठी दारूचा, गाण्या-नाचाचा अड्डा उघडतात, पाद्रीचा पोरगा सॅमी तिथे ब्लूज गातो, आणि दाराबाहेर रक्तपिपासू येऊन उभे राहतात. त्यांना नुसतं रक्त नको आहे, सॅमीचं गाणं हवं आहे. मसाला सिनेमाच्या भाषेत इतकी सरळ गोष्ट इतक्या मजेत सांगितलेली मी अलीकडे बघितली नाही. सॅमी गाऊ लागतो तेव्हा त्या अड्ड्यात आफ्रिकेतले पूर्वज नाचतात आणि पुढच्या काळातला इलेक्ट्रिक गिटारवालाही अवतरतो. एका दृश्यात रॉकची अख्खी वंशावळ. रक्तपिपाशांचा म्होरक्या आयरिश आहे, त्याच्याही लोकांची जमीन आणि धर्म कधीकाळी हिसकावले गेलेत. तो म्हणतो, आमच्यात या, सगळे समान होऊ. फक्त आधी मरावं लागेल. समरसतेची हाक ऐकलेल्या आपल्या लोकांना हे निराळं समजावून सांगायला नको. आणि कूगलरने स्टुडिओशी करार करताना २५ वर्षांनी सिनेमाची मालकी आपल्याकडे येईल अशी अट घातली. सिनेमातलं म्हणणं त्याने कागदावरही उतरवलं.

आपल्या हिंदीवाल्यांनी रॉकचं काय केलं? 'रॉक ऑन' (२००८) मला बराचसा आवडतो. पण त्यातलं माझं आवडतं पात्र चौघा बँडवाल्यांपैकी नाही. गिटारवाला जो मास्करेन्हस घरी बसलेला असताना मासळीचा धंदा सांभाळून घर चालवणारी त्याची बायको डेबी, ती मला आवडते. सिनेमा तिला कटकटी ठरवायला बघतो, पण शहाना गोस्वामीने ती अशी उभी केली की सिनेमाचं काही चालत नाही. नवऱ्याच्या रॉकची किंमत मासळीच्या पाट्यांतून कोण भरतंय, ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं. शिवाय जो हे ख्रिस्ती पात्र ठेवलं हेही योग्यच. हिंदी सिनेमाचं वाद्यवृंदाचं काम गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी आणि अरेंजरांनी वर्षानुवर्षं उचललं, आणि पाटीवर नाव बहुतेकदा एकट्या संगीत दिग्दर्शकाचं. प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचं, अँथनी गोन्साल्विस यांचं नाव एका गाण्यात घालून घेतलं म्हणून ते नाव तरी लोकांच्या तोंडी आहे.

'रॉकस्टार' (२०११) वर मात्र माझं भांडण आहे. रहमानची गाणी थोर, वाद नाही. पण कथेत कॉलेजच्या कँटीनवाला नायकाला सांगतो की मोठे कलावंत दुःखातून घडले, तुझ्या आयुष्यात दुःखच नाही. आणि हा गडी दुःख मिळवायला बाहेर पडतो! एवढ्यासाठी एका मुलीच्या मागे लागतो. आमच्या वस्तीतल्या थिएटरमध्ये या प्रसंगाला मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्याकडचं ने की थोडं." त्या माणसाने चार शब्दांत जे परीक्षण केलं त्यापुढे माझं काय चालणार.

तर मूळ मुद्दा, ताल घेऊन माणूस वगळण्याचा. मराठीत 'सैराट' (२०१६) झाला. अजय-अतुलने गाण्यांचं संगीत हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवून ध्वनिमुद्रित केलं, आणि एवढं दणदणीत संगीत असलेल्या सिनेमाच्या शेवटी नागराज मंजुळेंनी आवाजच काढून घेतला. दोन वर्षांनी त्याचा हिंदी 'धडक' आला. झिंगाट आलं, प्रेम आलं, पळून जाणं आलं. जात मात्र राजस्थानातल्या महालांच्या मागे अशी काही ठेवली की शोधावी लागते. हा आपल्या काळातला पॅट बून. यात नागराज किंवा अजय-अतुल यांचं नाव कुणी खोडलं नाही, हक्क रीतसर विकत घेतले गेले. चक बेरीने एक शब्द बदलला होता तो पोटासाठी, रेडिओच्या भीतीने. इथे भीती कुणाची होती?

तमिळनाडूत काय झालं ते जास्त बघण्यासारखं आहे. पा. रंजित यांच्या पुढाकाराने आणि संगीतकार तेन्मा यांच्या सोबतीने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड उभा राहिला. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. नाव घेतलं अयोथी दास पंडितांच्या 'जातिभेद नसलेले तमिळ' या कल्पनेवरून. उत्तर चेन्नईत मयतीला गायलं जाणारं गाना, त्याला रॅप आणि इलेक्ट्रिक गिटार. आपल्याकडे हलगी म्हटलं की गावकीच्या कामाची आठवण येते. ती टाकून देण्यामागे बाबासाहेबांनी दिलेला स्वाभिमान आहे, तो मी विसरत नाही. तिकडे परई या वाद्याच्या नावातच जात चिकटली होती. त्यांनी ते वाद्य टाकलं नाही, गावकी टाकली. दोन्ही वाटा स्वाभिमानाच्याच आहेत, आणि यावर आपल्याकडे मोकळी चर्चा व्हायला हवी. आज आपल्या शहरांत ढोल-ताशाची पथकं मध्यमवर्गीय पोरापोरींचा सणाचा छंद झाली आहेत. त्यांना तो ताल पकडताना कुणाच्या गावकीची आठवण येत नाही.

याच कलेक्टिव्हमधला अरिवू. २०२१ मधलं 'एन्जॉय एन्जामी' आठवत असेल. चहाच्या मळ्यात राबलेल्या त्याच्या आजीच्या आयुष्यातून ते गाणं आलं. धीसोबत त्याने ते गायलं आणि जगभर गाजलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोलिंग स्टोन मासिकाच्या भारतीय आवृत्तीच्या मुखपृष्ठावर धी होती, दुसरा एक गायक होता, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर सवाल केला, गदारोळ झाला, मग मासिकाने अरिवूचं वेगळं डिजिटल मुखपृष्ठ काढलं. त्या गाण्याच्या श्रेयावर पुढे अरिवू, धी आणि संगीतकार संतोष नारायणन या तिघांची तीन निवेदनं आली. तो वाद मी इथे सोडवणार नाही. पण रोझेटाला ३२ वर्षं लागली तिथे अरिवूला थोडेच दिवस लागले, कारण रंजितसारखा माणूस ओरडायला उभा होता आणि त्याच्या मागे संघटन होतं.

यावर एक जण मला म्हणाला, "आपली निम्मी भीमगीतं हिंदी सिनेमाच्या चालींवर आहेत. मग आपण काय केलं?" प्रश्न रास्त आहे, टाळू नये. चाली आपण घेतल्या. पण त्यामुळे त्या संगीतकाराचं नाव पुसलं गेलं नाही, त्याच्या रॉयल्टीवर डल्ला पडला नाही, आणि नौशादना भीमगीत आमच्या शाहिराने शिकवलं असा सिनेमा कुणी काढला नाही. घेणं हा गुन्हा असता तर जगात संगीतच उरलं नसतं. चाळीतला बँजो घ्या. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते बुलबुल तरंग मुळात जपानी ताइशोगोतो, १९१२ मध्ये नागोयात तयार झालेलं. आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, अँप्लिफायरला जोडलं आणि हळदी, गणपती, १४ एप्रिल गाजवलं. मुंबईतला खरा रॉक बँड कुठला विचाराल तर मी बँजो पार्टी सांगेन. तोच कर्कश, रस्त्यावरचा, अंगावर येणारा आवाज. त्यावर 'बँजो' (२०१६) नावाचा हिंदी सिनेमाही निघाला, दिग्दर्शक आपलेच रवी जाधव. विषय सोन्यासारखा होता. पण त्यातही वस्तीतला बँजो भारी आहे हे ओळखायला न्यूयॉर्कहून बाई यावी लागते. आला की नाही मार्टी?

फरक कुठे पडतो? नाव कुणाचं लागतं, पैसा कुणाकडे जातो आणि दार कोण अडवतं, या तीन ठिकाणी. आपल्या भीमगीतांचं या बाबतीत काय चाललंय ते बघवत नाही. कवी एका गाण्याला हातावर पडतील तेवढे पैसे घेऊन कागदावर सही करतो. गाणं लाखो वेळा वाजतं, खाली नाव चॅनलवाल्याचं. कवी कोण? 'पारंपरिक'! वामनदादा २००४ मध्ये गेले. भारतात मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे त्यांचे शब्द २०६४ संपेपर्यंत कायद्याच्या संरक्षणात आहेत. तरी त्यांच्या नावाविना त्यांची गाणी फिरताना मी स्वतः बघितली आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानंतरच्या करारात गीतकाराने आणि संगीतकाराने कंपनीला काहीही लिहून दिलं तरी गाण्याच्या रॉयल्टीतला निम्मा वाटा त्यांच्याकडून जात नाही. तो हक्क फक्त वारसाला किंवा हक्कसंस्थेला देता येतो. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला, पण त्याचा फायदा आपल्या वस्तीतल्या गीतकारालाही तेवढाच आहे. त्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीत सभासद होऊन गाणी नोंदवावी लागतात. आपले किती कवी, किती संगीतकार तिथे आहेत, हे प्रत्येक शाखेने आपल्या भागात विचारून बघावं.

आम्ही चौघांनी हे काम आमच्या भागात सुरू केलंय. जयंतीच्या मिरवणुकीत हमखास वाजणारी गाणी काढली, वहीत एका बाजूला गाणं, समोर कवी, संगीतकार, गायक, बँजोवाला, हयात असतील तर राहण्याचं ठिकाण. आतापर्यंत ३० गाणी झाली. त्यातल्या ११ गाण्यांचे कवी सापडलेले नाहीत. एका गाण्याचे दोन दावेदार निघाले, दोघंही आपापल्या हस्ताक्षरातली जुनी वही घेऊन आले. पुढच्या रविवारी दोघांना समोरासमोर बसवणार आहोत. मागच्या सीटवरचा मित्र वही लिहायला येतो. त्याचं अक्षर चांगलं आहे, फक्त काम चालू असताना ब्लॅक सॅबथ लावायचं नाही अशी त्याची अट आहे.